रास्पबेरी की ब्लॅककरंट: चामड्याच्या वासाच्या दोन दणकट परफ्यूममधून एकाची निवड

ओळखीतल्या एका बाईंचं हे प्रकरण. त्यांच्या परवानगीने लिहितोय. नाव दिलेलं नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. परफ्यूम मात्र दोन्ही खरे आहेत, बाजारात मिळतात, म्हणून त्यांची नावं तशीच ठेवली. माझा हा धंदा नाही, नाद आहे. कपाटात बाटल्या जास्त झाल्या की लोक सल्ला विचारायला येतात, त्यातलाच हा प्रकार. कॉलेजपासूनची मैत्री असल्यामुळे पुढे ‘ती’ असंच लिहितो.

पार्श्वभूमी

ती चाळिशीची, मूळची कोल्हापूरची, पुण्यात इंटिरियरची कामं घेते. अर्धा दिवस साइटवर, म्हणजे प्लायवूड, पीओपी आणि थिनरच्या वासात. उरलेला अर्धा दिवस एसी केबिनमध्ये नाहीतर क्लायंटच्या गाडीत. वडिलांचं कोल्हापुरात चपलांचं दुकान होतं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं म्हशीचं कातडं, त्यावर तेलाचा हात, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत रचून ठेवलेले तळ. या वासात ती वाढली. त्यामुळे ‘लेदर’ म्हटलं की तिच्या नाकात एक पक्कं चित्र होतं, आणि पुढे नेमकं तेच आडवं आलं.

आजवर तिने वापरलेले परफ्यूम म्हणजे वाढदिवसाला आलेल्या भेटी. सगळे फुलांचे, गोडसर, तासाभरात विरणारे. एका लग्नात दुबईहून आलेल्या आतेभावाच्या अंगावर तिला टॉम फोर्डच्या ‘टस्कन लेदर’चा वास आला. २००७ साली आलेला हा परफ्यूम म्हणजे रास्पबेरी, केशर आणि काळंभोर चामडं. फळांच्या चामडी परफ्यूमचा विषय निघाला की आजही पहिलं नाव त्याचंच येतं. तिने भावाला गाठून नाव विचारलं, घरी येऊन किंमत पाहिली आणि फोन बाजूला ठेवला. चाळिसाव्या वाढदिवसाला स्वतःसाठी काहीतरी घ्यायचं ठरलं होतं, पण बजेट होतं दहा हजारांचं. “त्याच्यावर गेले तर मी बाटलीकडे नुसती बघत बसेन, लावणार नाही,” असं तिचं म्हणणं. ते मला पटलं.

चाळणी लावल्यावर दोन नावं उरली.

पहिलं, रसासीचं ‘ला युकावम पूर ओम’. रसासी ही १९७९ पासूनची दुबईची परफ्यूम कंपनी. हा परफ्यूम टस्कन लेदरच्या वळणाचा आहे हे शौकिनांमध्ये उघड गुपित आहे. रास्पबेरी, केशर, थोडा लोबान आणि खाली कोरडं, जाड चामडं. दुसरं, मॅन्सेराचं ‘सेद्रा ब्वाझे’, २०११ चं. मॅन्सेरा पॅरिसचं, पिएर मोंताल यांनी काढलेलं. यात सुरुवातीला लिंबू आणि ब्लॅककरंट, मध्ये फळं आणि पॅचौली (एका पानाचा मातकट सुगंध), तळाला देवदाराचं लाकूड, चामडं, व्हॅनिला आणि मस्क. दोन्ही दणकट. एका फवाऱ्यात खोली भरते.

अडचण

वरवर पाहता प्रश्न सोपा होता: दोनातला कोणता? पण तिच्या बाबतीत त्यात तीन गाठी होत्या.

पहिली गाठ दुकानाची. मॉलमधल्या काउंटरवर तिने “लेदरचं काही आहे का?” म्हणून विचारलं की समोरून “मॅडम, ते जेन्ट्सचं” असं उत्तर यायचं आणि पुढ्यात गुलाब किंवा व्हॅनिलाची बाटली. शिवाय हे दोन्ही परफ्यूम बहुतेक काउंटरवर नसतातच. म्हणजे हुंगून घेणंही सहज शक्य नव्हतं.

दुसरी गाठ तिच्या कामाची. लोकांच्या शेजारी बसून, त्यांच्या घरांबद्दल, त्यांच्या गाडीत बसून बोलायचं. दणकट परफ्यूम लावणाऱ्याला काही वेळाने स्वतःचा वास येईनासा होतो, कारण नाक त्या वासाला सरावतं. शेजारच्याचं नाक सरावलेलं नसतं. तो वास त्याच्यासाठी ताजा असतो.

तिसरी गाठ मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तिला ‘फळ’ हवं होतं की ‘चामडं’ हे तिला स्वतःलाच नीट माहीत नव्हतं. दोन्ही परफ्यूमच्या वर्णनात दोन्ही शब्द आहेत, म्हणून ते एकाच जातीचे वाटतात. तसे ते नाहीत. त्याचं कारण सुगंधात कमी आणि रसायनात जास्त आहे.

लिंबाचा वास देणारा मुख्य घटक, लिमोनीन, हलका असतो. तो त्वचेवरून भराभर उडतो. रास्पबेरीचं तसं नाही. रास्पबेरीचा भास देण्यासाठी परफ्यूममध्ये सहसा रास्पबेरी कीटोन आणि आयोनोन या जातीचे रेणू वापरतात. शुद्ध रास्पबेरी कीटोन तर साध्या तापमानाला पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात असतं. (खऱ्या रास्पबेरीत ते किलोमागे काही मिलिग्रॅमच निघतं, त्यामुळे बाजारातलं बहुतेक सगळं कारखान्यात बनवलेलं.) असा जड रेणू लवकर जात नाही, चामड्याच्या सोबत शेवटपर्यंत बसून राहतो.

म्हणजे एका बाटलीतलं फळ पाहुणं आहे आणि दुसरीतलं घरजावई. ही गोष्ट दुकानातल्या हुंगायच्या कागदी पट्टीवर पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही, आणि नेमकं तेव्हाच माणूस पैसे देतो.

समोरचे पर्याय

आम्ही बसून चार रस्ते काढले.

एक, दोन्हींपैकी एक न हुंगता मागवायचा. सवलत चालू होती, मोह होता. तेव्हाच्या भावाने ला युकावमची ७५ मिलीची बाटली मॅन्सेराच्या १२० मिलीच्या जवळपास निम्म्या किमतीत पडत होती. मिलीमागचा भाव काढत बसलो असतो तर त्यातच संध्याकाळ गेली असती. पण फवाऱ्यात साधारण ०.१ मिली द्रव येतो. म्हणजे ७५ मिलीत सातशेच्या वर फवारे. आठवड्यातून तीनदा, दोन-दोन फवारे लावले तरी दोन वर्षं सरणार नाहीत. अशा वेळी बाटली मोठी की छोटी याला अर्थ राहत नाही, ती सरेपर्यंत आवडेल का एवढाच प्रश्न उरतो.

दोन, टस्कन लेदरचंच पाच-दहा मिलीचं डिकँट (मोठ्या बाटलीतून छोट्या कुपीत काढून दिलेला परफ्यूम) घ्यायचं आणि मोठ्या प्रसंगांनाच लावायचं. हा पर्याय मी तिला दोनदा सुचवला. तिने दोनदा नाकारला. तिला रोजच्यासाठी काहीतरी हवं होतं.

तीन, अत्तरवाल्याकडे जायचं. मुंबईत मोहम्मद अली रोडवर किंवा पुण्यात कॅम्पात टस्कन लेदरच्या ढंगाचं तेल सहज मिळतं. स्वस्त आणि टिकाऊ. पण तेलात अल्कोहोल नसल्यामुळे ते त्वचेला धरून राहतं, फार पसरत नाही. तिच्या कामासाठी खरं तर हा गुण होता. तिने एक कुपी हुंगलीही. रास्पबेरी होती, पण चामड्याऐवजी रबर जास्त आलं, आणि दुकान बदललं की तेल बदलतं. पुढच्या वेळी तेच मिळेल याची खात्री नाही. हा पर्याय बाजूला पडला.

चार, दोन्हींचे पाच-पाच मिलीचे डिकँट मागवायचे आणि निर्णय पुढे ढकलायचा. पाच मिलीत पन्नासेक फवारे निघतात, म्हणजे काही आठवडे मजेत जातात. हा खर्च ‘वाया’ जाणारा म्हणून लोकांना नको असतो. इथे तो घेतला.

काय केलं

आधी कागदाच्या पट्टीवर. सेद्रा ब्वाझे जिंकलं, आणि सहज जिंकलं. लिंबू सालीसकट, त्यामागे ब्लॅककरंटचं आंबट-हिरवं फळ. आपल्याकडे ब्लॅककरंट म्हणजे आइसक्रीम, पण हे तसं गोड नव्हतं. ला युकावम त्यापुढे अवघड वाटलं. पहिल्या क्षणाला केशराचा औषधी कडवटपणा, मग रास्पबेरी. “हे तर इराण्याकडचं रास्पबेरी सोडा,” ती हसून म्हणाली, आणि पुढच्याच श्वासाला, “आणि कुणीतरी त्यात नवा बूट बुडवलाय.”

मी तेव्हा काही बोललो नाही. कागदाला अंगाची ऊब नसते, त्यामुळे वरचे हलके वास कागदावर जास्त वेळ टिकतात आणि फळांच्या परफ्यूमला फुकटचे गुण मिळतात. मध्ये कॉफीच्या बिया हुंगायच्या का, असं तिने विचारलं. त्याचा साध्या हवेपेक्षा जास्त उपयोग होत नाही. गॅलरीत जाऊन दोन मिनिटं उभं राहा, म्हटलं.

मग त्वचेवर. एका दिवशी एकच, दोन्ही हातांवर दोन नाही, कारण दणकट परफ्यूम शेजारी ठेवले की एकमेकांत मिसळतात. वहीत चार नोंदी: दहा मिनिटांनी, तासाने, चार तासांनी, झोपताना. शब्द सुचले नाहीत तर नुसतं ‘आवडतंय / नाही’ लिहायचं. महिना मे होता. पुण्यातलं ऊन चाळिशीच्या आसपास.

सेद्रा ब्वाझेच्या नोंदी तिने मला दाखवल्या. दहा मिनिटांना मोठ्या अक्षरात ‘भारी’. तासाला ‘छान’. चार तासांना ‘बरं. लाकूड. थोडी व्हॅनिला. चामडं शोधतेय’. झोपताना ‘साबणासारखं स्वच्छ’. वेगवेगळ्या दिवसांच्या नोंदी साधारण याच क्रमाने. परफ्यूम उत्तम आहे, मला स्वतःला आवडतो, पण त्यातलं चामडं म्हणजे कपड्याचं अस्तर. बाहेरून दिसत नाही.

ला युकावमच्या नोंदी उलट्या चढत गेल्या. दहा मिनिटांना ‘फार होतंय’. तासाला ‘अजून फार’. चार तासांना ‘आता कळतंय’. झोपताना तिने लिहिलं होतं, ‘रास्पबेरी अजून आहे. उशीला लागली.’

निर्णयाचे टप्पे

*गाडीतली घटना.* चाचणीच्या मधल्या काळात ती ला युकावमचे दोन फवारे मानेवर मारून एका क्लायंटबरोबर साइट बघायला निघाली. गाडी त्यांची, एसी आतली हवा आतच फिरवणारा, बाहेर भाजून काढणारं ऊन. औंधच्या पुलाच्या आसपास मागच्या सीटवरच्या गृहस्थांनी खिडकीची काच चार बोटं खाली घेतली. काही बोलले नाहीत. पुढच्या सिग्नलला आणखी चार बोटं. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. तिच्या लक्षात आलं, पण करण्यासारखं काही नव्हतं. कातडीवरचा परफ्यूम काढून खिशात ठेवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने त्यांना सरळ फोन लावून विचारलं. मला हा तिचा सगळ्यांत चांगला निर्णय वाटतो, कारण बहुतेक जण इथे अंदाज बांधतात, एकतर स्वतःला दोष देतात नाहीतर समोरच्याला. ते म्हणाले, “वास वाईट नव्हता हो मॅडम. पण नवी गाडी घेतल्यासारखी वाटली, आणि मला नव्या गाडीत मळमळतं.”

इथे ला युकावम बाद करणं सोपं होतं. आम्ही तसं केलं नाही. दोष वासाच्या जातीचा की मात्रेचा, हे आधी वेगळं काढायचं ठरलं. दोन फवारे मानेवर, ऊन, बंद गाडी: तीन गोष्टी एकाच वेळी वाढवलेल्या. पुढच्या वेळी एकच फवारा, कुर्त्याच्या आत, पोटावर. त्या दिवशी केबिनमध्ये शेजारी बसणाऱ्या सहकारी मुलीला काही न सांगता संध्याकाळी विचारलं. “काहीतरी छान येत होतं, जवळ आल्यावर,” एवढंच उत्तर. सेद्रा ब्वाझेचा दोन फवाऱ्यांचा प्रयोगही गाडीत करून झाला. काच खाली आली नाही. पण हे क्लायंट वेगळे होते, दिवस ढगाळ होता, त्यामुळे त्यावरून मी फार काही काढणार नाही.

*घरातली दोन मतं.* नवऱ्याला ला युकावममध्ये फळ येतच नव्हतं. “टायर,” तो म्हणाला, आणि त्यावरून हटला नाही. मुलीला मात्र फक्त लॉलीपॉप येत होता. घरात यावर जेवताना वाद झाला, आणि कुणाचं नाक ‘चांगलं’ यावर घसरला.

दोघंही बरोबर असू शकतात. रास्पबेरी आणि जांभळ्या व्हायोलेट फुलाच्या वासामागे बीटा-आयोनोन हा रेणू असतो, आणि तो कुणाला किती जाणवतो हे बऱ्याच अंशी ओआर५ए१ या एका जनुकावर ठरतं. काहींना तो अगदी कमी मात्रेत फुलासारखा येतो. काहींना बराच जास्त असल्याशिवाय येतच नाही, आला तर आंबट लागतो. नवऱ्याचं नेमकं हेच होतं का, हे तपासायला आम्ही काही प्रयोगशाळेत गेलो नाही. पण एवढं कळल्यावर एक गोष्ट झाली: नवऱ्याच्या मताचं वजन ठरवता आलं. ‘आवडतं की नाही’ हा त्याचा कौल मोजायचा, ‘फळ आहे की नाही’ हा नाही. त्याचा कौल होता, “चालेल, पण झोपताना नको.”

*वडिलांचं मत.* सुट्टीत कोल्हापूरला गेल्यावर तिने दोन्ही कुप्या आप्पांपुढे ठेवल्या. सत्तरी ओलांडलेला माणूस, हयात कातड्यात गेलेली. त्यांनी सेद्रा ब्वाझे हुंगून “शरबत हाय” म्हटलं आणि परत दिलं. ला युकावम नाकाशी धरून बराच वेळ थांबले.

“ह्यात चामडं कुठंय?”

“आप्पा, हेच चामडं.”

“न्हाय बाळ. हे पालिश. आपल्या चपलंला असला वास येत न्हाय.”

आणि ते अगदी खरं होतं. परफ्यूममधल्या चामड्यात कातडं नसतं. भूर्ज झाडाच्या सालीचा धुरकट डांबरी अर्क, आयसोब्युटाइल क्विनोलीनसारखे कडू-हिरवट रेणू, केशराच्या वासाचे रेणू, स्टायरॅक्स नावाचा झाडाचा सुगंधी चीक, यांतून ते रचतात. युरोपात चामडं आणि सुगंधाचं नातं जुनं आहे. फ्रान्समधलं ग्रास हे गाव आधी कातडी कमावणाऱ्यांचं, मग सुगंधी हातमोज्यांचं आणि त्यातून परफ्यूमचं झालं. त्या परंपरेतलं ‘लेदर’ म्हणजे रंगवलेले मोजे, घोड्याचं खोगीर, रशियन बूट. साल आणि हिरड्याच्या कोल्हापुरी चामड्याचा मातकट, तुरट वास त्यात शोधून सापडणार नाही.

तिच्यासाठी हा मोठा टप्पा ठरला. इतके दिवस ती नकळत दोन्ही बाटल्यांत वडिलांचं दुकान शोधत होती आणि न मिळाल्याबद्दल दोन्हींचे गुण कापत होती. ते शोधणं थांबल्यावर चार तासांच्या नोंदी तिने पुन्हा वाचल्या आणि तिथेच कल ठरला.

*‘जेन्ट्सचं’ हा शिक्का.* ‘पूर ओम’ म्हणजे पुरुषांसाठी, हे डब्यावर छापलेलं. ऑफिसात कुणी काही म्हणेल का, ही शंका तिला शेवटपर्यंत होती. मी तिला एवढंच दाखवलं की चामड्याचे सुरुवातीचे काही गाजलेले परफ्यूम बायकांसाठी निघाले. कारोंचं ‘ताबाक ब्लों’ १९१९ चं, सिगारेट ओढू लागलेल्या बायकांसमोर ठेवलेलं. शनेलचं ‘क्विर द रुसी’ १९२० च्या दशकातलं. ‘बांदी’ १९४४ चं, ते तर जर्मेन सेलिए या बाईनेच रचलं, आयसोब्युटाइल क्विनोलीनचा भरगच्च हात मारून. फळ्या वेगळ्या लागल्या त्या नंतर. यावर तिचं उत्तर: “इतिहास बरोबर आहे, पण आमच्या साइटवरच्या सुपरवायझरला तो माहीत नाही.” पुढे त्या सुपरवायझरने ‘मॅडम कोणतं लावता, मला पण सांगा’ असं विचारलं, तो भाग वेगळा.

निष्पत्ती

तिने ला युकावम पूर ओम घेतलं.

पण सरळ आलं नाही. ऑनलाइन मागवलेल्या डब्यावर ‘ला युकावम’ मोठं होतं आणि खाली बारीक अक्षरात ‘पूर फाम’, म्हणजे बायकांसाठी. विक्रेत्याच्या पानावर नुसतं ‘ला युकावम’ लिहिलेलं, फोटो पुरुषांच्या बाटलीचा. या नावाची मोठी मालिका आहे: पूर ओम, पूर फाम, शिवाय टोबॅको ब्लेझ, अँबरग्रीस शॉवर्स वगैरे. पूर फाम हा पूर्णपणे वेगळा परफ्यूम. सेलोफेन फाडण्याआधी डब्यावरचं नाव अक्षर न् अक्षर वाचायचं असं आधी ठरलं होतं, म्हणून सील शाबूत राहिलं आणि परत करता आलं. फाडलं असतं तर विक्रेत्याने कदाचित हात वर केले असते. दुसऱ्या वेळी तिने पूर्ण नाव लिहून, डब्याचा फोटो मागवून मगच पैसे भरले.

वापराचे नियम तिने स्वतःच ठरवले. साइट आणि ऑफिससाठी एक फवारा, कपड्याच्या आत. संध्याकाळी बाहेर जायचं असेल तर दोन. मार्च ते मे क्लायंटच्या गाडीत बसायचं असेल त्या दिवशी अजिबात नाही. पावसाळ्यात तो वास सगळ्यांत छान लागतो, असं तिचं म्हणणं. थंड हवेत पसरणं कमी होतं आणि केशराचा कडवटपणा मागे जातो. मी या मताशी सहमत आहे.

सेद्रा ब्वाझेचं उरलेलं डिकँट नवऱ्याने न विचारता वापरायला घेतलं. त्याला पहिला तासच आवडतो. ऑफिसला जाण्याचा प्रवासही तेवढाच, त्यामुळे परफ्यूम आणि माणूस यांचं जमलं.

वेगळं काय करता आलं असतं

चाचणी फक्त मे महिन्यात झाली, हे सगळ्यांत मोठं उणं. उष्णतेत दणकट परफ्यूम त्याच्या सगळ्यांत आक्रमक रूपात दिसतो. ला युकावम त्यातूनही तरलं म्हणून ठीक. पण एखाद्याने याच कारणाने तो बाद केला असता आणि जुलैत पस्तावला असता. पाच मिलीतले दोन मिली पहिल्या पावसापर्यंत राखून ठेवायला हवे होते. वाढदिवसाची तारीख आड आली. ती तारीख न पाळता महिनाभराने बाटली घेतली असती तरी काही बिघडलं नसतं.

घरच्यांना कोणत्या दिवशी काय लावलंय हे माहीत होतं. मुलीला ‘आईचं लेदर’ कुठलं ते ठाऊक होतं, नवऱ्याला किमतीही ठाऊक होत्या. कुप्यांवर नावाऐवजी ‘क’ आणि ‘ख’ लिहिलं असतं तर मतं जास्त निकोप आली असती. दहा मिनिटांचं काम होतं.

कपड्यावर चाचणी झालीच नाही. चामड्याचे आणि रास्पबेरीचे जड रेणू सुती कापडात धुतल्यावरही रेंगाळतात. एका ओढणीला तो वास इतका बसला की ती ओढणी आता त्याच परफ्यूमची झाली. रेशमावर तर डागाचीही भीती. पैठणीवर फवारण्याआधी तिने फोन केला हे बरं झालं. एखाद्या जुन्या कापडावर आधी मारून, दोन धुण्यांनंतर काय उरतं ते बघायला हवं होतं.

क्लायंटला फोन करून विचारणं बरोबर होतं, पण त्याआधी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला विचारता आलं असतं. डोकेदुखी, दमा किंवा गाडी लागण्याचा त्रास असणारं माणूस आसपास आहे का, ही चौकशी पहिला फवारा ऑफिसात मारण्याआधी करायची असते. लोक त्याबद्दल आपणहून बोलत नाहीत, काच खाली करतात.

आणि अत्तराचा पर्याय एका कुपीवर सोडायला नको होता. तिच्या कामाला कमी पसरणारं तेल खरं तर जास्त सोयीचं. आणखी एखाद्या जुन्या अत्तरवाल्याकडे शांतपणे बसून दोन-चार तेलं त्वचेवर लावून पाहिली असती तर कदाचित गाडीचा प्रश्न उभाच राहिला नसता. तिने अजून हे डोक्यातून काढलेलं नाही. दिवाळीच्या आधी कॅम्पात चक्कर आहे.

नवऱ्याला आता सेद्रा ब्वाझेची अख्खी बाटली हवी आहे. १२० नको तर ६० मिलीचीही मिळते, असं तो रोज सांगतो. मी त्याला आधी दहा मिलीचं डिकँट संपव म्हटलंय, तेही पावसात.